साडेबाराची गाडी

बिऱ्हाडे नानांना कायद्याच्या कलमांपेक्षा एसटीचं वेळापत्रक जास्त पाठ होतं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे आणि त्यांनी त्याचा राग मानलेला नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते एवढंच म्हणाले होते, की ताई, कलमं पुस्तकात कधीही सापडतात, गाडी मात्र वेळेवर गेलं तरच सापडते.

नाना धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात बेंच क्लार्क होते. न्यायाधीशांच्या समोर, एक पायरी खाली, फायलींच्या ढिगाआड जो माणूस बसतो, कोणती केस कधी पुकारायची ते बघतो आणि पुढची तारीख लिहितो, तो माणूस. तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यात त्या कोर्टाची थोडी शोभा होणार आहे आणि मला तिथे अजून वकिली करायची आहे.

माझी त्यांची ओळखच भांडणातून झाली. मी तेव्हा नवी होते, धुळ्याहून सकाळच्या गाडीने जायचे, अंगातला काळा कोटही नवाच होता. त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, जिला आम्ही बोर्ड म्हणतो, माझी केस तिसरी होती. चौथी झाली, नववी झाली, चौदावी झाली, माझी काही पुकारेनात. मी तोंडाळ आहे, हे मला माहेरी आणि सासरी दोन्हीकडे सांगून झालेलं आहे. मी सरळ टेबलाशी गेले आणि बोर्ड तुमच्या घरचा आहे का, असं सगळ्यांसमोर विचारलं. नानांनी मान वर केली नाही. हातातल्या पेन्सिलीने दाराकडे दाखवलं. तिथे एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या गावाला दिवसातून दोनच गाड्या, एक साडेबाराला आणि दुसरी साडेपाचला, असं नानांनी हळूच सांगितलं. तुम्हाला धुळ्याला जायला अर्ध्या तासाला गाडी आहे, तुम्ही बसा. मी बसले. दुसरं काय करणार?

मग मला त्यांच्या बोर्डाचं गुपित कळलं. रोज सकाळी दहाला ते यादी पुढ्यात घ्यायचे आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने बारीक आकडा टाकायचे. १२॥, १॥, ३. साडेबारा, दीड, तीन. ती त्या त्या पक्षकाराच्या गावाला जाणाऱ्या गाडीची वेळ असायची. ज्याची गाडी आधी, त्याचं काम आधी. एक न्यायाधीश पुण्याकडून बदलून आले होते. त्यांनी दोन दिवस हा गोंधळ बघितला आणि तिसऱ्या दिवशी चेंबरमध्ये बोलावून खुलासा मागितला. नानांनी खुलासा दिला. चौथ्या दिवसापासून तेच न्यायाधीश खुर्चीत बसता बसता विचारू लागले, "नाना, आज पहिली गाडी कुणाची?"

एसटीचा संप लागला तेव्हा मात्र नानांची त्रेधा उडाली. गाड्याच नाहीत म्हटल्यावर बोर्ड लावायचा कसा? दोन दिवस ते पेन्सिल हातात धरून नुसते बसले. मग कोण किती कोस चालत आलं, ते विचारून लावू लागले. संप मिटल्यावर सगळ्यात जास्त आनंद कर्मचाऱ्यांना झाला असेल, पण नानांना त्यांच्या खालोखाल झाला असणार. त्या दिवशी त्यांनी आख्ख्या वकीलखोलीला चहा पाजला.

नानांचं गाव अमळनेर. बायको तिकडेच होती, हे आठवडाभर कोर्टामागच्या एका खोलीत राहायचे आणि शनिवारी जायचे. अंगाने किरकोळ, शर्ट नेहमी पांढरा, खिशाला तीन पेनं आणि एक पेन्सिल. खांद्याच्या पिशवीत स्वतःचा टोचा आणि दोऱ्याचं रीळ. ऑफिसच्या टोच्याने भोकं मोठी पडतात, अशी त्यांची तक्रार होती. फाइल शिवून गाठ मारली की ते तिच्यावर तळहात फिरवायचे आणि समोरच्याला विचारायचे, "कागद पुरा शे का?" शे म्हणजे आहे, हे त्यांचं अहिराणीतलं पालुपद. वकील असो, पोलीस असो, जामीनदार असो, नानांकडून राम राम यायच्या आधी हा प्रश्न यायचा. सही राहिली, तारीख राहिली, अंगठ्याखाली नाव राहिलं, तर ते कागद परत द्यायचे. माझे कित्येक अर्ज त्यांनी परत दिले आहेत. त्यामुळे माझं नुकसान कधी झालं नाही, नुसता संताप झाला.

हा प्रश्न सोडला तर ऑफिसात ते शुद्ध मराठी बोलायचे, 'सदरहू' आणि 'येणेप्रमाणे'सह. पण पक्षकार पुढे आला की अहिराणी. कोर्टात आलेला माणूस आधीच अर्धा मेलेला असतो, असं ते म्हणायचे. त्याच्या कानावर घरची बोली पडली की त्याच्या जिवात जीव येतो. हे खरं होतं. नानांनी नाव विचारलं की थरथरणाऱ्या बायासुद्धा नीट नाव सांगायच्या.

निरोप समारंभाला त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषण करा म्हणून सगळे मागे लागले. नाना उभे राहिले, घसा साफ केला, आणि म्हणाले, की मी इतकी वर्षं या टेबलाशी बसलो, माझ्याकडून चुका झाल्या असतील, पण मी कुणाची गाडी चुकू दिली नाही. एवढं बोलून ते बसले. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. त्यांच्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्या जाधव मॅडम, ज्यांना त्यांनीच काम शिकवलं होतं, पदराने डोळे पुसत होत्या. मीही पुसले.

त्यानंतर दीडेक वर्षाने शकिलाबी पिंजारी माझ्या धुळ्याच्या ऑफिसात आल्या.

शकिलाबी त्याच तालुक्यातल्या एका लहान गावच्या. घरी कापूस पिंजून गाद्या भरायचा धंदा. बारावी झालेल्या, चटपटीत, चाळिशीच्या आतल्या. गावची पोलीस पाटलाची जागा बाईसाठी राखीव झाली, यांनी अर्ज केला, लेखी परीक्षेत आणि मुलाखतीत पहिल्या आल्या. गावात पेढे वाटून झाले. मग पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आला तो असा, की यांना तीन वर्षांपूर्वी मारहाण आणि शिवीगाळीच्या केसमध्ये कोर्टाने दोषी ठरवून दंड केलेला आहे. आणि अर्जात, तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का, या प्रश्नापुढे शकिलाबींनी स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. प्रांतसाहेबांची नोटीस आली. माहिती दडवली म्हणून तुमची निवड रद्द का करू नये?

त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं, असं मला त्यांच्याशी बोलताना पाचव्या मिनिटाला कळलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी दंडाची पावती काढून माझ्यासमोर ठेवली. घडी न मोडता, तीन वर्षं कपाटात सांभाळून ठेवलेली.

"हाई पावती शे ना, ताई. मंग केस कशी ऱ्हायनी?"

त्यांच्या समजुतीने ती पावती म्हणजे केस मिटल्याचा दाखला होता.

मारहाण कसली, तेही ऐकण्यासारखं होतं. उन्हाळ्याचे दिवस, शेजारच्या सुमनअक्कांनी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे मोठाले पापड, घालून गल्लीत खाटेवर वाळत टाकलेले. शकिलाबींच्या दारात कापूस पिंजणं चाललेलं. वारा सुटला आणि सगळा कापूस ओल्या बिबड्यांवर जाऊन बसला. ज्यांनी पहाटे उठून बिबड्यांचं पीठ हाटलं आहे, त्यांना अक्कांचा राग समजेल. शब्दाला शब्द वाढला, अक्का खाटेवर पडल्या, कोपर सोललं, आणि त्याच तिरीमिरीत त्या फिर्याद देऊन आल्या. आठ दिवसांत दोघींचं बोलणं पूर्ववत झालं. पण केसला ते कोण सांगणार? तारखेच्या दिवशी फिर्यादी आणि आरोपी एकाच गाडीने, एकाच डब्यातलं खात कोर्टात आल्या.

अशा केसमध्ये दोघींनी मिळून तडजोडीचा अर्ज दिला असता तर शकिलाबी निर्दोष सुटल्या असत्या. मग गुन्हा कबूल का केला? मी जरा चिडूनच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी काही कबूल नही करं, ताई. नाना बोलनात सही कर, मी करी."

आता मला दोन गोष्टी नकोशा वाटल्या. पहिली कायद्याची. गुन्हा कबूल केलेल्या माणसाला अपील नसतं, फार तर शिक्षा जास्त झाली एवढीच तक्रार करता येते. माझ्या आधी तीन वकिलांनी शकिलाबींना हेच सांगून परत पाठवलं होतं. एकच फट होती. ती कबुली मुळात कबुलीच नव्हती, बाईला काय विचारलं ते समजावलंच नव्हतं, असं वरच्या कोर्टात दाखवता आलं तर. त्याला अपील न म्हणता पुनरीक्षण अर्ज म्हणायचं, आणि तीन वर्षं उशीर का झाला याची वेगळी माफी मागायची. दुसरी गोष्ट नानांची. ते दाखवायचं तर बोट नानांकडेच जाणार होतं.

मी जुनी फाइल बघायला मागवली. कबुलीचा छापील फॉर्म होता. 'मला गुन्हा कबूल आहे, दया करावी' हे वाक्य आधीच छापलेलं, नाव तेवढं नानांच्या वळणदार अक्षरात. कायदा सांगतो की आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहावी. त्या कागदावर शकिलाबींचा एकही शब्द नव्हता. आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक, पुसट झालेलं १२॥.

संध्याकाळी नानांना अमळनेरला फोन केला. नुसतं विचारलं, असं असं झालं होतं, तुम्हाला काही आठवतं का? बघतो, एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडायला गेले तर नाना पायरीवर बसलेले. पहिल्या गाडीने आले होते. पावती बघितली, फॉर्मची झेरॉक्स बघितली, कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं.

त्यांना सगळं आठवत होतं. त्या कोर्टात तडजोडीचे अर्ज जेवणाच्या सुट्टीनंतर घेत. म्हणजे साडेबाराची गाडी गेली असती, दोघी बाया साडेपाचपर्यंत अडकल्या असत्या. कबुलीचं काम मात्र सकाळी पाच मिनिटांत उरकायचं. नानांनी शकिलाबींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, कबूल करी टाक, दंड भरी दे, साडेबारानी गाडी सापडी. दोघी त्यांना हात जोडून पळत सुटल्या होत्या. त्यांना गाडी मिळाली हे शिपायाने येऊन सांगितलं, तेव्हा नानांना बरं वाटलं होतं.

मी म्हटलं, नाना, तुमचं नाव न घेता बघते काही जमतं का. फॉर्म छापील आहे, तेवढ्यावर मी भांडेन. नानांनी नकारार्थी मान हलवली आणि सावकाश म्हणाले, "तिनी कबुली मी लिखी, ताई. आते मन्ही कबुली तुम्ही लिखा."

मी प्रतिज्ञापत्र लिहायला घेतलं. वकील माणूस, सवयीने कडा मऊ करत गेले. 'माझ्याकडून अनवधानाने सांगितले गेले' असं लिहिलं. नानांनी चष्मा लावून वाचलं, खिशातली पेन्सिल काढली आणि 'अनवधानाने' खोडलं. मी समजून-उमजून सांगितलं होतं, म्हणाले. बरं वाटेल म्हणून सांगितलं होतं. तेच लिहा. मी 'कामाच्या गर्दीत' लिहिलं, तेही खोडलं. गर्दी नव्हती म्हणे त्या दिवशी. शेवटी चार ओळी राहिल्या, सही झाली, आणि त्यांनी पिशवीतून टोचा काढून स्वतःच कागद शिवले. निघताना दारात थांबले आणि विचारलं, अशा किती जणांना मी साडेबाराच्या गाडीत बसवून दिलं असेल, ताई? मी चहा घेता का, असं काहीतरी बोलले.

ती बातमी लपून राहणारी नव्हतीच. त्यांच्या घरून मला फोन आला, त्यांना आवरा, पेन्शनवर बालंट येईल. जुन्या कोर्टातले लोक उखडले. निवृत्त झालेल्या माणसाने येऊन आमची लाज काढावी का, असं कुणी कुणी बोललं. जाधव मॅडमनी त्यांचे फोन घेणं बंद केलं. हे नानांना लागलं. पण प्रतिज्ञापत्र मागे घेऊ का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी मात्र दोनदा सुचवलं, हे इथे कबूल केलेलं बरं.

धुळ्याला सुनावणी झाली. सरकारी वकिलांचं म्हणणं बिनतोड वाटावं असं होतं. बाई शिकलेली, सही तिची, दंड भरला, तीन वर्षं गप्प, आता नोकरी अडली तेव्हा जाग आली. न्यायाधीशांनी नानांचं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं आणि नाना हजर आहेत का विचारलं. शिपायाने बाहेर जाऊन नाव पुकारलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं पुकारायला लावणारे नाना दाराशीच उभे होते, तरी स्वतःचं नाव ऐकून दचकले. पुढे आले. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्हाला कायदा माहीत होता, तडजोड होऊ शकते हे माहीत होतं, मग तुम्ही या बाईंना गुन्हा कबूल करायला का सांगितलं?

नानांनी 'सदरहू दिवशी' अशी सुरुवात केली. वाक्य पुढे जाईना. दोनदा प्रयत्न केला. मग हात जोडून म्हणाले, "गाडी निंघी जाती ना, साहेब."

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मी उभी होते, मला पुढचा मुद्दा मांडायचा होता, तो न मांडताच मी खाली बसले.

आठ दिवसांनी आदेश झाला. उशीर माफ. ती कबुली कायद्याने कबुली ठरत नाही, म्हणून दोषी ठरवण्याचा निकाल रद्द. केस पुन्हा तालुक्याच्या कोर्टात, बाईला नीट समजावून, तिचं म्हणणं तिच्या शब्दांत घ्यावं. शकिलाबींना वाटलं जिंकलो. मला पेढा द्यायला निघाल्या होत्या. पण हे अर्धंच होतं. केस अजून उभी होती, आणि प्रांतसाहेबांनी निकाल आणून द्यायला दिलेली मुदत ज्या दिवशी संपत होती, त्याच्या आदल्याच दिवशी तालुक्याची तारीख लागली. त्या दिवशी काम होऊन निकालाची नक्कल हातात पडली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती.

त्या दिवशी मी माझ्या गाडीने गेले. नाना आधीच पोचले होते. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर, पक्षकारांच्या बाकावर, शकिलाबी आणि सुमनअक्का यांच्या मधे बसले होते. त्या बाकावर मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. जाधव मॅडम समोरून गेल्या, त्यांनी इकडे बघितलं नाही. पण बोर्ड सुरू झाला आणि पहिलाच पुकारा शकिलाबींचा झाला. मी टेबलाशी गेले तर यादीत त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने १२॥ लिहिलेलं. मी नानांना ते येऊन सांगितलं. ते चष्मा काढून पुसत बसले.

पण न्यायाधीशांनी सांगितलं, तडजोडीचे अर्ज जेवणानंतर. बाहेर स्टँड लागूनच आहे. सव्वाबाराला साडेबाराची गाडी लागली, तिचा आवाज ओळखीचा असावा, कारण दोघी बाया एकदम उठल्या. अक्कांची म्हैस दुसऱ्या कुणाला धारेला हात लावू देत नाही. त्या म्हणाल्या, पुढची तारीख घेऊन टाकू, मी परत येते. पुढच्या तारखेला काही अर्थ उरणार नव्हता, हे त्यांना कळत होतं, पण पाय गाडीकडे ओढत होते. शकिलाबीही पिशवी घेऊन उभ्या. सवयच ती.

"बठा दोन्ही," नाना म्हणाले. "गाडी जाऊ द्या."

दोघी बसल्या. हॉर्न वाजला. गाडी फाटकासमोरून वळून जाईपर्यंत नाना तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी अक्कांना घरी फोन लावून दिला, आणि अक्कांचं जुनं लुगडं नेसून म्हशीची धार कुणी काढावी यावर बराच वेळ चर्चा झाली.

दुपारी काम चाललं. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला, सोप्या भाषेत सांगितला, आणि विचारलं. शकिलाबी म्हणाल्या, "कापूस मन्हा उडना, हाई खरं. मी अक्काले लोटं नही." हे जसंच्या तसं लिहिलं गेलं. अक्कांना विचारलं. त्यांनी सांगितलं की आपण मागे सरकताना खाटेवर पडलो, रागात काहीबाही लिहून दिलं, आणि आपलं आता काही म्हणणं नाही. तडजोड नोंदवली गेली. निकाल चार ओळींचा होता.

नक्कल मिळायला पाच वाजले. ती जाधव मॅडम स्वतः घेऊन बाहेर आल्या. माझ्या हातात द्यायची, ती त्यांनी नानांच्या हातात दिली. नानांनी शिक्का बघितला, सही बघितली, तारीख बघितली. पानं नुसती पिन केलेली होती. त्यांनी पिशवीतून टोचा काढला. मॅडम म्हणाल्या, "द्या नाना, मी शिवते." आणि तिथेच बाकावर त्यांच्या शेजारी बसून त्यांनी शिवलं. नानांनी गाठीवरून तळहात फिरवला.

नाना त्या पौषात गेले. थंडीचा कडाका होता, अमळनेरला दोन दिवस दवाखान्यात होते, आणि मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पेन्शनला काही झालं नाही, ती भीती आम्हा सगळ्यांचीच होती, त्यांची नव्हती. शकिलाबी पोलीस पाटील झाल्या. नेमणुकीचा कागद घेऊन त्या नानांना दाखवायला अमळनेरला गेल्या होत्या, नाना जायच्या महिनाभर आधी. नानांनी तो वाचून खालची सही तपासली, असं त्या सांगत होत्या. मी तिथे नव्हते. मला ते शेवटचे दिसले ते नक्कल मिळाली त्याच संध्याकाळी, स्टँडवर.

मी सगळ्यांना माझ्या गाडीने सोडते म्हटलं होतं. नानांनी नको म्हटलं, यांची गाडी आहे, माझीही आहे. साडेपाचची गाडी लागली. त्यांनी दोघींना खिडकीजवळ जागा मिळवून दिली आणि खाली उतरले. कंडक्टर दार ओढायला आला, तेव्हा नानांनी दारावर हात ठेवला आणि आत वाकून शकिलाबींना विचारलं, कागद वाचला का? त्या म्हणाल्या, घर जाईसन वाचसू. नाना म्हणाले, आत्ता वाच. मोठ्याने वाच. मागच्या टायमाले तू वाचा नव्हता आणि मी वाचू दिधा नव्हता.

कंडक्टर ओळखीचा होता, तालुक्यातले सगळेच होते. तो घड्याळ दाखवून म्हणाला, नाना, टाइम झाला.

"थांब रे भाऊ," नाना म्हणाले. "तिले पुरं वाची लेऊ दे."

शकिलाबींनी कागद उघडला. त्या कायद्याच्या जड शब्दांपाशी अडखळत वाचत होत्या, केसचा नंबर, कोर्टाचं नाव, दोघींची नावं, 'उभयपक्षी तडजोड झाल्याने'. एखादा शब्द अडला की नाना खालून सांगत होते. शेवटच्या ओळीत 'आरोपी शकिलाबी हिला निर्दोष मुक्त करण्यात येत आहे' असं होतं, तिथे त्या थांबल्या, आणि ती ओळ सुमनअक्कांनी, ज्यांना वाचता येत नव्हतं, दुपारी कोर्टात ऐकलेल्यावरून पुरी केली. नाना दारावरचा हात काढत नव्हते. खाली न्यायाधीशांचं नाव आहे, तेही वाच, म्हणाले. त्यांनी तेही वाचलं. मग नानांनी हात काढला, कंडक्टरने दोनदा घंटी मारली.

साडेपाचची गाडी त्या दिवशी नानांमुळे बारा मिनिटं उशिरा सुटली.